अकरावा पाठ: मत मांडणे

शालनताई,

परवा ऑफिसात तुझी शोकसभा झाली. कॉन्फरन्स रूममध्ये, जेवणाच्या सुट्टीनंतर, म्हणजे सगळ्यांना पेंग येते त्या वेळेला. तुझ्या जुन्या ओळखपत्रावरचा फोटो मोठा करून लावला होता. तो इतका फुटला होता की नाक कुठे संपतं आणि गाल कुठे सुरू होतो ते कळेना. एकेक जण उठून बोलला. "बहुत ही शांत महिला थीं." "कभी किसी बात का विरोध नहीं किया." साहेब सगळ्यात शेवटी उठले. म्हणाले, "इतने सालों में मैंने उनके मुँह से कभी 'नहीं' नहीं सुना."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. शांत? तू? शांत कसली डोंबलाची! आणि सांगतंय कोण, तर ज्याने तुझा सगळ्यात मोठा नकार स्वतःच्या केबिनमध्ये, स्वतःच्या कानांनी ऐकला तो माणूस. मी तिसऱ्या रांगेत हात बांधून बसले होते. मग दोन मिनिटांचं मौन झालं. त्या मौनात मी मनातल्या मनात म्हटलं, "आउ सेंगा नि न्दुआवाता." मी सहमत नाही. फिजियनमधलं हे पहिलं पूर्ण वाक्य तू मला शिकवलं होतंस. कुणीही परकी भाषा शिकवताना नमस्कार-चमत्कारापासून सुरुवात करतं. तू नकारापासून केलीस, तेव्हाच मला कळायला हवं होतं की हे प्रकरण सोपं नाही.

तू गेल्याला आज नववा दिवस. तुझ्यावर चार शब्द लिहायला बसले तर हात आधी भांडायलाच लागला. मग म्हटलं, भांडू दे. तुझा जन्म, शिक्षण, नोकरीची वर्षं हे सगळं त्या फोटोखाली छापलं होतं, ते मी परत लिहीत नाही. त्यात एवढंच होतं की तू स्टेनो होतीस, तीन वर्षं फिजीत सुव्याला आपल्या सरकारी कचेरीत होतीस, आणि रिटायर झाल्यावर ऑफिसने तुला कन्सल्टंट म्हणून परत बोलावलं. कशासाठी बोलावलं ते मात्र लिहिलं नव्हतं. ते लिहिलं असतं तर पुढचंही सांगावं लागलं असतं.

बोलावलं होतं एका पुस्तिकेसाठी. फिजीला बदली होणाऱ्या आपल्या कर्मचाऱ्यांना हिंदीतून फिजियन शिकवणारी छोटीशी पुस्तिका. सगळे विचारायचे, फिजीत आपलीच माणसं भरपूर आहेत, हिंदी चालतं, मग ही भाषा कशाला? तू म्हणायचीस, "दुसऱ्याच्या घरात राहायचं आणि घरच्यांशी बोलायचं नाही, ही कुठली रीत?" ऑफिसात फिजियन येणारी तू एकटी. मला भाषा विभागातून तुझं हिंदी तपासायला बसवलं, कारण तुझं हिंदी म्हणजे नगरच्या मराठीला शेवटी 'है' लावलेलं. पण हिंदी तपासणारीला मूळ भाषा थोडी तरी यायलाच हवी, असा तू हट्ट धरलास. मी म्हटलं, ताई, माझं वय बघ. तू म्हणालीस, "तोंड चालतंय ना? मग वय कशाला बघू?"

आणि आपली शाळा भरली मेट्रोत. सकाळी द्वारकेहून ब्लू लाइन पकडायची आणि राजीव चौकात गाडी बदलेपर्यंत अभ्यास. नियम तुझा: रोज एकीने एक मत द्यायचं आणि दुसरीने ते खोडून काढायचं. एका हाताने दांडा धरून, दुसऱ्या हातात डब्याची पिशवी. आजूबाजूचे सगळे इयरफोन खुपसून उभे, आणि आपण दोघी पिकल्या केसांच्या बायका एकमेकींना ठणकावून सांगतोय की तुझं मला बिल्कुल पटलेलं नाही. एका मुलीने न राहवून विचारलं होतं, "आंटी, ये साउथ की कौन सी भाषा है?" तू शांतपणे म्हणालीस, "बहुत ही साउथ की, बेटा."

माझं पहिलं मत आठवतं तुला? तुझ्या डब्यातल्या भाजीत मीठ फार असतं. तू रिटायर होण्याआधीची चार वर्षं जेवणाच्या सुट्टीत मी ती खारट भाजी "छान झालीय गं" म्हणत गिळली होती. मराठीत ते माझ्या तोंडून जन्मात निघालं नसतं. मराठीत मी आधी तुझ्या हाताच्या चवीचं कौतुक केलं असतं, मग मीठ हल्ली कसं वेगळंच येतं ते सांगितलं असतं, मग माझ्याच जिभेला दोष दिला असता आणि शेवटी भाजी संपवली असती. फिजियनमध्ये माझ्याकडे शब्दच मोजके होते: मला वाटतं, भाजी, मीठ, फार. तेवढेच बोलले. तू इतकी हसलीस की उत्तम नगरला उतरणारा एक माणूस आपल्याकडे बघत राहिला आणि त्याचं स्टेशन निघून गेलं. दुसऱ्या दिवशी भाजी ठार अळणी होती. मुद्दाम केली होतीस, मला माहीत आहे.

मी तुला एकदा विचारलं होतं, ताई, तू ही भाषा अशी उलट्या बाजूने कुठे शिकलीस? तेव्हा तू मेरे नावाच्या तुझ्या तिथल्या मैत्रिणीबद्दल सांगितलंस. सुव्याला तू दर रविवारी चर्चमध्ये जायचीस. नगरला लहानपणापासून गायलेल्या काही चाली तिथे वेगळ्या शब्दांत ऐकू आल्या, म्हणून मागच्या बाकावर बसून राहायचीस. मेरे त्याच बाकावर बसायची. बाजारात कंद विकणारी बाई, तुझ्याच वयाची, हसली की बाक हलायचं. तिने तुला घरी जेवायला नेलं. तिथे चटईवर सगळं कुटुंब बसलं होतं आणि मेरेचे थोरले काका काहीतरी ठरवून मोकळे झाले होते. त्यांच्याकडेही मोठ्यांपुढे बायका सहसा गप्प बसतात, हे तू मला नीट सांगितलंस, उगाच तिथलं सगळं सोन्याचं करून दाखवलं नाहीस. पण मेरे बसल्या बसल्या पुढे सरकली, डोकं काकांच्या डोक्यापेक्षा खाली घेतलं, "तुलोउ" म्हणाली, म्हणजे माफी असावी, आणि मग स्पष्ट सांगितलं की मला हे पटलेलं नाही. काकांनी ऐकून घेतलं. रागावले नाहीत, आणि लगेच मानलंही नाही. पण ऐकलं पूर्ण.

तू म्हणालीस, "नीले, मी वीस वर्षं साहेबांसमोर वही घेऊन बसले. त्यांचं मत, त्यांच्या साहेबांचं मत, मंत्र्यांचं मत, सगळं लघुलिपीत उतरवलं. माझं स्वतःचं काय मत आहे, हे कुणी विचारलं नाही ते जाऊ दे, मीच कधी विचारलं नव्हतं स्वतःला." तेव्हा झंडेवालान आलं होतं आणि गर्दीने आपल्याला दोन बाजूंना लोटलं.

मेरेकडून तू एक सवय उचलून आणलीस, आणि त्या सवयीनेच सगळा घोळ केला. विरोध करायचा तर खाली बसून करायचा. उभं राहून, समोरच्याच्या डोक्यावरून बोलायचं नाही, तो तिथे उद्धटपणा. आता ही गोष्ट सुव्यात ठीक आहे. दिल्लीत खाली बसणाऱ्या माणसाचा एकच अर्थ होतो! तुमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत तू हिरवळीवर सेक्रेटरींच्या खुर्चीपुढे जाऊन बसलीस, अगदी आदराने, पदर सावरून, लिफ्टबद्दल तुझं मत सांगायला. दोन मिनिटांत तुझ्या मागे अकरा जण येऊन बसले. कुणीतरी घोषणा द्यायला सुरुवात केली. कुणी पाणी आणून दिलं. दुसऱ्या दिवशी नोटीस बोर्डावर लागलं की सोसायटीच्या आवारात धरना देणं नियमांविरुद्ध आहे. तू मला फोन करून विचारलंस, "अगं, मी काय केलं?" मी हसून हसून लोळत होते. लिफ्ट मात्र आठवड्यात दुरुस्त झाली.

मला तेव्हा हसू आलं याचा आज राग येतो. कारण त्याच गोष्टीवर मी पुढे तुला एकटं सोडलं.

पुस्तिकेचे पाठ तू सहा महिन्यांत लिहिलेस. ओळख, पत्ता विचारणे, बाजार, डॉक्टर, आकडे. आणि अकरावा: मत मांडणे. मला असं वाटतं. मला हे आवडलं. मला हे आवडलेलं नाही. तुमचं बरोबर आहे, पण. मी सहमत नाही. मलाही विचारा. प्रत्येक वाक्याखाली तुझे नमुने. "हा कंद सडका आहे असं मला वाटतं." "तुमचं म्हणणं मला पटत नाही, पण तुमच्या घरचं जेवण फार छान आहे." तो पाठ तपासताना माझं चुका शोधण्यात लक्षच लागेना, इतकी मजा आली.

साहेबांनी त्या पाठावर पेन्सिलने आडवी फुली मारली. बाजूला लिहिलं, "कर्मचारी का काम संदेश पहुँचाना है, राय देना नहीं." खरं सांगायचं तर त्यांचा मुद्दा अगदीच उडवून लावण्यासारखा नव्हता. परदेशात सरकारी माणूस दुकानात सहज काही बोलतो आणि दुसऱ्या दिवशी ते भलतीकडेच छापून येतं, अशी भीती त्यांना होती. आणि मी तुला तेच सांगत राहिले. "ताई, दहा पाठ तर छापून घे. अकरावा दुसऱ्या आवृत्तीत घालू. हातात पुस्तक तर येऊ दे." तू म्हणायचीस, "भाव विचारता येतो आणि माल सडका आहे हे सांगता येत नाही, असा माणूस तयार करून मी तिकडे पाठवू? मेरे मला काय म्हणेल?" मी म्हणायचे, "मेरे तुझी पुस्तिका वाचणार नाहीये, ताई." तू म्हणायचीस, "म्हणून काय तिला तोंड दाखवायचं नाही मी?" महिनाभर मेट्रोत दुसरा विषय नव्हता. मराठीत भांडलो, फिजियनमध्ये भांडलो, एकदा तर तू चिडून हिंदीत भांडलीस, म्हणजे किती चिडली असशील. मी माझं म्हणणं सोडलं नाही. तू तुझं सोडलं नाहीस.

मग तो दिवस. साहेबांनी आपल्याला दोघींना केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर तो फुली मारलेला पाठ. ते म्हणाले, इसे हटाकर फाइल आगे बढ़ाइए. मी उभी होते, तू माझ्या शेजारी उभी होतीस. तू "तुलोउ" म्हणालीस, हळूच, पर्स बाजूला ठेवलीस आणि गालिच्यावर बसलीस. गुडघे एका बाजूला दुमडून, डोकं टेबलाच्या कडेखाली. साहेबांना तू दिसेना. त्यांना खुर्चीतून उठून, टेबलावर वाकून खाली बघावं लागलं. तू वर बघून अगदी नीट, सावकाश म्हणालीस, "सर, मैं सहमत नहीं हूँ. यह पाठ नहीं निकलेगा."

त्यांचा चेहरा लालबुंद. "यह क्या है? धरना? मेरे केबिन में?" आणि मग माझ्याकडे वळले. "मैडम, आप बताइए. यह क्या हो रहा है?"

मला माहीत होतं, ताई. त्या अख्ख्या इमारतीत, कदाचित अख्ख्या दिल्लीत, तू काय करत होतीस हे माहीत असलेली मी एकटी होते. एक वाक्य पुरलं असतं. सर, हा धरना नाही, हा आदर आहे, त्यांच्याकडे विरोध असाच करतात. एवढंच. पण माझ्या प्रमोशनची फाईल त्याच महिन्यात वर गेली होती, माझ्या मुक्ताची शेवटच्या वर्षाची फी भरायची होती, आणि हे सगळं नसतं तरी माझी दातखीळ बसलीच असती, कारण मी आयुष्यभर साहेबांसमोर अशीच उभी राहिलेय. मी म्हटलं, "पता नहीं, सर."

तू माझ्याकडे पाहिलं नाहीस. पाहिलं असतंस तर बरं झालं असतं की वाईट, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. गालिच्यावरून उठताना तुझा गुडघा कटकन वाजला आणि तू स्वतःशीच "अगं बाई" म्हणालीस. मी हात द्यायला हवा होता. तोही दिला नाही.

महिन्याभरात तुझं कॉन्ट्रॅक्ट संपलं आणि नव्याने झालं नाही. मेट्रोत मी एकटी. तुला मी कधी सांगितलं नाही ते आता सांगते. त्या दिवसानंतर दोनच दिवसांनी फाईल माझ्याकडे आली होती. पाठ अकरा वगळण्यास भाषा विभाग सहमत आहे का? आपल्या कॉम्प्युटरवरच्या फाईलमध्ये कच्चं टिपण पिवळ्या पानावर असतं, ते हवं तितकं खोडता येतं. पाठवलं की ते हिरव्या पानावर जातं आणि मग देवालाही पुसता येत नाही. मी पिवळ्या पानावर एक शब्द लिहिला, "सहमत." पाच मिनिटं बघत बसले. मग पाठवून दिला.

आणि नंतर दोन वर्षं तू मला विचारत राहिलीस. पार्कात फिरताना, फोनवर, तुझ्या घरी चहा पिताना. "नीले, फाईल कुठंय?" मी म्हणायचे, "पेंडिंग." हॉस्पिटलात तुझ्या नाकात नळी होती तेव्हाही तू विचारलंस. मी तुझी चादर नीट करत म्हटलं, "पेंडिंग आहे गं." तू डोळे मिटलेस. तुला कळलं होतं का? मला कधी वाटतं कळलं होतं, कधी वाटतं नाही. कबरस्थानात तुझ्या पुतण्याने माझ्या ओंजळीत माती दिली. पाळकांची प्रार्थना चालू होती. मी बोलायला तोंड उघडलं आणि "ताई" एवढंच निघालं.

तू मला काय दिलंस, हे त्या शोकसभेत कुणाला सांगता आलं नसतं. मुक्ता गेल्या वर्षी म्हणाली, आई, आता गुरुग्रामला आमच्याकडेच शिफ्ट हो, तिथे सगळं एकाच टॉवरमध्ये आहे, जिमपण आहे. पूर्वीची मी असते तर "बघू", "पुढच्या वर्षी", "तुझ्या बाबांचं सामान" असं करत करत शेवटी कुढत जाऊन राहिले असते. मी म्हटलं, नाही, मला तिथे राहायचं नाही, मला द्वारका आवडते आणि तुझ्या टॉवरमध्ये माझा जीव गुदमरतो. ती म्हणाली, "अच्छा. ठीक आहे. पहिल्यांदा काहीतरी क्लिअर बोललीस यार." पोरीला आनंदच झाला होता. म्हणजे इतकी वर्षं मी माझं मत कुणापासून लपवत होते, देव जाणे.

आता काल काय झालं ते ऐक. तुझी शोकसभा आटोपल्यावर साहेबांना तुझी आठवण आली. फाईल बाहेर निघाली. पुस्तिका छापायची, दहा पाठांची. पहिल्या पानावर तुझा तोच फुटका फोटो, खाली "विनम्र श्रद्धांजलि", आणि दोन ओळी की लेखिका ह्या अत्यंत विनयशील होत्या. माझ्याकडे अंतिम संमतीसाठी आली. टिपणात स्वच्छ लिहिलं होतं, "पाठ ११ हटाने पर भाषा विभाग की सहमति पहले से प्राप्त है." म्हणजे माझा तो एक शब्द. तुझ्या पाठावर मारलेली फुली त्यांनी माझ्या खांद्यावर ठेवली होती, आणि ती तिथे ठेवायची सोय मीच करून दिली होती.

रात्री मुक्ताला फोनवर सांगितलं. म्हणाली, "आई, शालनमावशी आता नाहीयेत ना. पुस्तक तर निघतंय. चलो, साइन करून टाक. रिटायरमेंटला चौदा महिने राहिलेत, आता हरकत घेऊन काय होणार?" मी तिला म्हटलं, तुला हरकत हा शब्द माहीत आहे, हेच आज मला नवीन आहे. ती हसली. मग म्हणाली, "तुला काय वाटतं पण?"

सकाळी ऑफिसात गेले आणि फाईल उघडली. पिवळ्या पानावर लिहिलं, आणि तुला माहीत आहे माझं हिंदी, एक शब्दही खोडावा लागला नाही. "मेरी पिछली सहमति डर के कारण थी. मैं पाठ ११ हटाने से सहमत नहीं हूँ. लेखिका उस दिन फ़र्श पर धरना देने नहीं, आदर से बैठी थीं. यह बात मुझे तब भी मालूम थी और मैंने नहीं बताई. यह पाठ न हो तो पुस्तिका पर उनका नाम और चित्र भी न हो." खाली माझं नाव, पद. आणि पाठवलं. आता ते हिरवं झालंय, माझ्या त्या जुन्या "सहमत"च्या बरोबर खाली, आणि दोन्ही कायमचे तिथे राहणार.

आता पुस्तिका निघणार नाही, हे मला पुरतं ठाऊक आहे. साहेब तो पाठ पुस्तिकेत परत घालणार नाहीत, नाव काढून छापलं तर विचारणा होईल, म्हणून फाईल कपाटात जाईल. तू वर बसून खूश होशील आणि वरूनच सुव्यातल्या मेरेला टाळी देशील. पण थांब. मला आजही वाटतं की तू चुकलीस. दहा पाठ तुझ्या हातात छापून यायला हवे होते, तू त्यांचा वास घ्यायला हवा होतास, एक प्रत मेरेला टपालाने जायला हवी होती, आणि अकराव्यासाठी आपण पुढे भांडत राहायला हवं होतं. तुझ्या हट्टापायी तुला काहीच मिळालं नाही, आणि मला याचा राग येतो. हे मी तू जिवंत असताना म्हणत होते, आताही म्हणते. तू गेलीस म्हणून मी माझं मत बदलणार नाही. आज मी जे लिहिलं ते तुझं पटलं म्हणून नाही लिहिलं. तू आदरानेच बसली होतीस आणि तो पाठ कायमचा काढायला नको, हे माझं मत होतं, दोन वर्षं उशिरा दिलेलं, आणि त्याची किंमत तू भरलीस. त्यासाठी मी तुझी माफी मागते. इथे, मराठीत, सरळ.

दुपारी साहेब स्वतः माझ्या टेबलापाशी आले. आजवर कधी आले नव्हते. हॉलमधले सगळे कॉम्प्युटरमध्ये डोकं घालून कान टवकारून बसले. ते हळू आवाजात म्हणाले, "मैडम, यह नोट वापस नहीं हो सकता?"

"नहीं, सर."

"आपने उसमें 'डर' लिखा है. ऑफिशियल फाइल में. किसका डर?"

मी बसल्या जागेवरून वर बघितलं, ताई.

"आपका, सर," मी म्हटलं.